डेबियनला मुक्त का म्हणायचे

डेबियन ही खरी मुक्त संगणकप्रणाली नव्हे, हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा जुना आक्षेप. फाउंडेशनच्या शिफारस यादीत डेबियन नाही. कारण तिच्या सर्व्हरवर ‘नॉन-फ्री’ नावाचे दालन आहे. त्यात भर म्हणजे, २०२२ च्या मतदानानंतर बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे वायफायसारख्या चिपा चालवणारा कोड, थेट अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आले.

दालनाचा मुद्दा मला पटत नाही. हे दालन डेबियन प्रणालीचा भाग नाही, असे डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारातच लिहिले आहे. आणि दाराशी पहारा किती कडक? ज्यांतले काही भाग बदलायला परवानाच मनाई करतो, अशी माहितीपुस्तके मुक्त नव्हेत, असा ठराव डेबियनने २००६ मध्ये केला. त्यामुळे खुद्द फाउंडेशनच्या पाठबळावरच्या ग्नू प्रकल्पाच्या ईमॅक्स या संपादकाचे मॅन्युअल नॉन-फ्रीमध्ये गेले. आपल्या गुरूलाही सूट न देणाऱ्यांना ढिले कसे म्हणायचे?

फर्मवेअरचा मुद्दा मात्र वजनदार आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर वायफायपाशी अडायचा: अमुक फाइल हवी, पेनड्राइव्हवर आणा. नेट हवे तर फाइल हवी, फाइल हवी तर नेट हवे! नवखा माणूस इथूनच परत फिरतो. शिवाय तोच बंदिस्त कोड चिपमध्ये कायमचा कोरलेला असला, तर फाउंडेशन त्याला सर्किटसारखा मानून चालवून घेते. डिस्कवरून चढवला की तो दोष ठरतो. वापरणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे सारखेच: काही नाही. उलट फाइल निदान बदलता तरी येते. अथेरॉसच्या काही यूएसबी वायफाय चिपांच्या फर्मवेअरचा सोर्स खुला झाला, आणि आज ते डेबियनच्या ‘मेन’ या मुक्त दालनात आहे.

तरी एका बाबतीत आक्षेप घेणारेच बरोबर आहेत. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर गरजेचे फर्मवेअर न विचारता बसवतो. नको असेल तर सुरुवातीलाच ‘फर्मवेअर=नेव्हर’ हा पर्याय इंग्रजीत टंकावा लागतो, आणि तो ठाऊक असतो जाणकारांनाच. प्रणाली मुक्त आहे. तिची अधिकृत डिस्क आता पूर्णपणे मुक्त नाही. बंदिस्त फर्मवेअर बसवायचे का, हा प्रश्न पडद्यावर स्पष्ट विचारला गेला पाहिजे.

तोवर डेबियन वापरणाऱ्यांनी ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ हे छोटे पॅकेज बसवून चालवावे. आपल्या यंत्रावरची डेबियनची कोणती पॅकेजे मुक्त नाहीत, त्यांची यादी ते नावानिशी देते.