नकलेचा आरोप आणि आयर्लंडचे शोबँड

आयर्लंडांतील ‘शोबँड’ म्हणजे परक्या गाण्यांची नक्कल करणारी मंडळी, असें एका वाक्यांत सांगून मोकळें होण्याचा प्रघात रसिकंमन्य टीकाकारांत पडला आहे. आम्हांस हा निकाल मान्य नाहीं. नक्कल होती, हें खरें. रेडिओवर गाजणारीं गाणीं हीं मंडळी खुशाल उचलीत. परंतु नक्कल हा शब्द उच्चारला कीं चौकशी संपली, असें मानणें ही टीका नव्हे, आळस आहे.

पूर्वी नाचघरांतील वाद्यवृंद खुर्च्यांवर बसून, स्वरलिपीचे कागद पुढें ठेवून वाजवी. टायरोन परगण्यांतील स्ट्रबेन गांवच्या ‘क्लिपर कार्ल्टन’ मंडळीनें १९५० नंतरच्या दशकांत हे कागद दूर सारले आणि उभें राहून, हालत-डोलत, श्रोत्यांकडे पाहून वाजविण्यास आरंभ केला. गाणें कोणाचें, हा प्रश्न पुढचा. वाजविणारा व नाचणारा यांची दृष्टादृष्ट झाली, ही गोष्ट टीकाकारांच्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

ग्रामीण शोबँडांवर तर दुहेरी रोष! मोनॅहन परगण्यांतील कॅसलब्लेनीचे ‘मेनलाइनर्स’ १९६६ मध्यें पुढें आले, ते देशी नाचांच्या गती वाजविणाऱ्या एका जुन्या संचांतून. त्यांचा गायक टॉम मॅकब्राइड पोटासाठीं परमुलखांत राबून परतलेला. त्यानें अमेरिकेंतील ‘कंट्री’ धाटणीचीं गाणीं घेतलीं म्हणून नाकें मुरडलीं गेलीं. पण त्या धाटणीचें एक मूळ कोठलें? अठराव्या शतकांत अल्स्टरमधून ॲपलेशियन डोंगरांत जाऊन वसलेल्या लोकांनीं ज्या चाली व फिडलचे सूर बरोबर नेले, त्यांतील. घरची गाय दूरच्या गोठ्यांतून वासरासह परत आली, तर तिला चोरीचा माल म्हणावयाचें काय?

हीं गाणीं रडकीं आहेत, हा दुसरा आक्षेप. आई, सोडलेलें घर, बोटीचा धक्का! असतीलही रडकीं. १९५० नंतरच्या दहा वर्षांत सुमारें चार लाख माणसें तो देश सोडून गेलीं. मागें राहिलेल्यांनीं काय विनोदी पदें ऐकावयाचीं होतीं? लेंटच्या उपवासकाळांत गांवचीं नाचघरें बंद पडत, तेव्हां ह्या मंडळ्या समुद्र ओलांडून इंग्लंडांतील आयरिश मजुरांपुढें वाजवीत. आठवडाभर परक्यांच्या इमारतींवर विटा वाहून आलेल्या त्या माणसांपुढें उभें राहून, ‘हें गाणें तुमचें नव्हे’ असें सांगण्याचें धाडस आमच्या ह्या रसिकंमन्यांपैकीं कितीकांनीं केलें असतें?