अहवालाखालची सही

कुर्ल्यातील नाईक नगर सोसायटीच्या इमारतीचा भाग २७ जून २०२२ च्या रात्री कोसळला आणि १९ माणसे गेली. महापालिकेने २०१३ मध्येच ही इमारत सी-१, म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी ठरवली होती. पुढे खासगी स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि तिचा वर्ग बदलून सी-२बी झाला, म्हणजे रहिवासी न हलवता दुरुस्त करता येईल असा. लोक राहत राहिले. या प्रकरणात कोणाचे किती चुकले हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण वयाबरोबर इमारतीचे काँक्रीट सुधारत नाही, आणि पाडायची ठरलेली इमारत राहण्याजोगी होते ती एका अहवालाने, हे आपल्या अभियंत्यांच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला कळते.

पावसाळ्यापूर्वीचा हंगाम सुरू आहे. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी नुसार ३० वर्षांवरील इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र लागते. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. त्यामुळे या दिवसांत आपले फोन सतत वाजत असतात. त्यातल्याच काही फोनविषयी या अंकात बोलायचे आहे.

पैशांचे पाकीट पुढे करणारा माणूस क्वचित भेटतो, आणि भेटला तरी त्याला काय सांगायचे हे आपल्याला ठाऊक असते. अडचण होते ती साध्या, सौम्य विनंतीची. घरमालक म्हणतो, इमारत जुनीच आहे हो, सी-१ लिहायला हरकत काय? त्याला पागडीचे भाडेकरू बाहेर काढून पुनर्विकास करायचा असतो. भाडेकरूंचा प्रतिनिधी म्हणतो, साहेब, सी-२बी मध्ये बसवा, नाहीतर आम्ही रस्त्यावर येऊ. सोसायटीचा सचिव म्हणतो, अहवाल फार कडक लिहू नका, फ्लॅटचे भाव पडतात. यातले कोणीही खोटे लिहा असे म्हणत नाही. प्रत्येकाला थोडेसे झुकते माप हवे असते. आणि मग एकाच इमारतीचे दोन अहवाल तयार होतात, एक मालकाचा, एक भाडेकरूंचा, दोन्हींवर परवानाधारक अभियंत्यांची सही. असे परस्परविरोधी अहवाल निकाली काढण्यासाठी महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते. जी गोष्ट मोजून ठरवायची, तिच्यासाठी लवाद बसवावा लागतो, ही आपल्या व्यवसायाला लाज आणणारी स्थिती आहे.

दोन अहवाल इतके वेगळे येतात कसे? आकडे खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही. चाचणी कुठे घ्यायची, एवढे ठरवले की काम होते. संडास-न्हाणीघराखालचा बीम घेतला की अल्ट्रासॉनिक पल्स वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली, म्हणजे शंकास्पद गटात येतो. त्याच मजल्यावरचा जिन्याजवळचा कोरडा कॉलम घेतला की तोच वेग साडेतीनच्या वर, म्हणजे चांगल्या गटात जातो. रिबाउंड हॅमरचे तर सगळ्यांना माहीत आहे. कार्बोनेशन झालेल्या जुन्या पृष्ठभागावर तो खऱ्या ताकदीपेक्षा जास्त वाचन दाखवतो, आणि कोअर काढून ताडून न पाहता ते वाचन तसेच छापले की दुबळे काँक्रीट दणकट ठरते. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे, अधिक ऋण वाचन आले की सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर जाते. पण अशी वाचने चार-पाचच ठिकाणी आली आणि अहवालात साऱ्या इमारतीची सरासरी दिली, तर ती ठिकाणे नाहीशी होतात. इमारत सरासरीने पडत नाही. तळमजल्यावरचा एक कॉलम गेला की पुरते.

म्हणून आमचे मत असे आहे की अहवालाची नीतिमत्ता सही करताना ठरत नाही. ती पहिल्या भेटीत, हातात नकाशा घेऊन चाचणीच्या जागा खुणावताना ठरते. या जागा कोणी निवडल्या, का निवडल्या, कोणत्या घरात प्रवेश मिळाला नाही, कुठे फॉल्स सीलिंगमुळे बीम दिसलाच नाही, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. ‘तपासता आले नाही’ असे लिहायला आपण उगाच कचरतो. न पाहिलेल्या भागावर सही करणे हे त्याहून फार मोठे धाडस आहे.

दुसरी गोष्ट फीची आहे, आणि तिच्यावर आपापसांत फारसे बोलले जात नाही. अनेक ठिकाणी ऑडिट नाममात्र फीमध्ये, कधी कधी फुकटसुद्धा केले जाते. खरी कमाई पुढच्या दुरुस्तीच्या कामात, खर्चाच्या टक्केवारीने मिळणाऱ्या सल्लागार फीमध्ये असते. ज्याने रोग सांगायचा त्यालाच औषधाच्या बिलावर टक्केवारी. अशा अभियंत्याने प्रामाणिकपणे ‘ही इमारत आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे’ असे लिहिले, तर त्याचे पुढचे काम तिथेच संपते. आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी असेल तिथे जॅकेटिंग सुचवण्याचा मोहही याच वाटेने येतो. माणूस चांगला असला तरी ही रचना त्याला रोज ओढत राहते. ऑडिट करणाऱ्याने त्याच इमारतीच्या दुरुस्तीचे काम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. लहान गावांत अभियंतेच मोजके असतात, तिथे हे अवघड आहे. तिथे निदान ऑडिटची फी पूर्ण आणि अहवालाआधी घ्यावी, आणि दुरुस्तीची फी टक्केवारीने न घेता ठरावीक रकमेत सांगावी.

आता खऱ्या पेचाकडे येऊ. समोर ४० बिऱ्हाडे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली. इमारत सी-१ आहे हे तुम्हाला दिसते आहे. पण सी-१ लिहिले की नोटीस निघणार, पाणी-वीज तुटणार आणि ही माणसे पर्यायी घराशिवाय बाहेर पडणार, तेही दिसते आहे. मालकाला नेमके हेच हवे आहे, हेही. अशा वेळी दया आलेल्या अभियंत्याने वर्ग बदलला, तर त्याला लबाड म्हणता येणार नाही. तरीही ते चूक आहे. ज्यांच्यासाठी आपण वर्ग खाली आणतो, त्यांनाच आपण त्या स्लॅबखाली झोपवतो. आपल्या दयेला दुसरे काम आहे. अहवालात तातडीचे टेकू कुठे लावायचे ते लिहा. आधी कोणत्या खोल्या रिकाम्या करायच्या ते सांगा. प्रत्येक बिऱ्हाडाच्या ताब्यातले क्षेत्र पाडण्यापूर्वी मोजून नोंदवायला हवे, हे रहिवाशांना स्वतः समजावून सांगा, कारण पुढे त्यांचा हक्क त्या नोंदीवर उभा राहतो. मालकाच्या सोयीचा निष्कर्ष खरा असू शकतो. तो तितक्याच ठामपणे लिहावा, आणि त्याच ठामपणे रहिवाशांची बाजूही नोंदवावी.

या साऱ्यात कनिष्ठ अभियंत्याचा विचार कोणी करत नाही. हॅमर हातात धरणारा तो, सही करणारे वरिष्ठ. सही आणि तपासणी अशी वेगळी पडली की काय होते ते पाहा. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी टांगते पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे पूल एकाच सलग दांड्यांवर टांगलेले होते. बांधणीच्या सोयीसाठी त्या दांड्या दोन तुकड्यांत झाल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पुलाचे ओझेही चौथ्या मजल्यावरच्या बीमखालच्या नटावर आले. भार दुप्पट झाला. बदल दाखवणाऱ्या कार्यशाळेच्या आराखड्यावर सल्लागार कंपनीचा तपासणीचा शिक्का होता, पण त्या जोडाचे गणित कोणी केले नव्हते. हा बदल फोनवर विचारून केला, असे बांधणी करणारे म्हणाले आणि अभियंत्यांनी ते नाकारले. शेवटी मिझुरी राज्याने दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले. आपल्याकडेही कनिष्ठाने शंका काढली की ‘ते मी बघतो’ म्हणून विषय मिटवला जातो. त्याची साइटवरची हस्तलिखित टिपणे त्याच्या सहीसह अहवालाला जोडली गेली, तर ती मिटवणे अवघड होईल.

एकट्याला धैर्य मागणे फार सोपे असते. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी सत्येंद्र दुबे या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते नाव गुप्त राहिले नाही आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अजून अमलात आलेला नाही. वकिलांना १९६१ चा आणि वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी असा देशव्यापी कायदाच नाही. म्हणजे तरुण अभियंत्याच्या पाठीशी उभे राहायचे तर ते आपण, त्याच्या वरिष्ठांनी आणि आपल्या संघटनांनीच राहायला हवे.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. या महिन्यात जी ऑडिटे घ्याल, त्यांच्या फीच्या पत्रात एक वाक्य घाला: तपासणीत जिवाला तातडीचा धोका आढळल्यास मी महापालिकेला व रहिवाशांना लेखी कळवीन, त्यासाठी ग्राहकाची परवानगी घेणार नाही. ज्याला हे वाक्य नको असेल, त्याचे काम घेऊ नका. आणि हे वाक्य लिहिल्यामुळे काम गमावलेल्या सहकाऱ्याचे ते काम कमी फीत उचलू नका.