फळ न धरणारा रातांबा

हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्रि आणि पुष्पाद्रि अशा चार डोंगरांच्या कुशींत आमचें हें क्षेत्र वसलें आहे. प्रदक्षिणेस निघालेला यात्रेकरू लाटांनीं कोरलेले खडक पाहतो, सावित्रीच्या मुखापलीकडील बाणकोट पाहतो आणि कालभैरवास नमस्कार करून परततो. मार्गशीर्ष-पौषांत गांवांतल्या वाड्यांतून जें एक झाड मुकाट्यानें फुलत असतें, त्याकडे त्याचें लक्ष जात नाहीं. त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं. कारण ज्यांच्या परसांत तें झाड आहे त्या घरच्या मंडळींसहि त्याचें फूल कसें असतें हें बहुधा सांगतां येत नाहीं. तें झाड म्हणजे रातांबा. फळ सर्वांस ठाऊक, आमसूल तर घाटावरच्या स्वयंपाकघरांतहि नित्याचें. पण फुलाची ओळख नाहीं, आणि त्या एका अज्ञानापायीं कितीएक निरोगी झाडांवर कुऱ्हाड पडते.

हा विषय आतांच काढण्यास कारण आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि ज्या रोठा सुपारीवर इकडचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या चाललीं तिच्या बागा एका दुपारींत आडव्या झाल्या. नारळी-पोफळी पुन्हा लावून फळावर येण्यास वर्षें जाणार, म्हणून मोकळ्या पडलेल्या जागेंत कितीएकांनीं रातांब्याच्या बिया टोंचल्या. बियांपासून केलेलें रातांब्याचें झाड सातव्या-आठव्या वर्षीं फुलावर येतें. म्हणजे त्या रोपांचा निवाडा आतां होऊं लागेल. चुलते-पुतणे परसांत उभे राहतील, कोणत्या झाडानें धरलें व कोणत्यानें नाहीं हें पाहतील, आणि न धरणारें ‘वांझ’ ठरवून गड्यास हांक मारतील. गड्यानें कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा, एवढीच आमची विनंति आहे.

रातांबा ज्या प्रजातींत मोडतो तिचें शास्त्रीय नांव गार्सिनिया. लोरां गार्सां नांवाचा एक शस्त्रवैद्य अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत पूर्वेकडे हिंडला आणि त्यानें मँगोस्टीन या फळझाडाचें वर्णन केलें. त्याच्या स्मरणार्थ लिनियसनें १७५३ च्या आपल्या ग्रंथांत हें नांव ठेविलें. उष्ण कटिबंधांतील सुमारें चारशें जातींचे वृक्ष व झुडुपें या एका प्रजातींत येतात. समोरासमोर येणारीं जाड चकचकीत पानें, बारमाही हिरवेपणा, आणि साल दुखावली कीं पाझरणारा पिवळा चीक हीं या गोताचीं ठळक लक्षणें होत. गतांकीं आम्हीं ज्या उंडीविषयीं लिहिलें, तिलाहि पूर्वीं याच कुलांत धरीत. आतां शास्त्रज्ञांनीं तिचें बिऱ्हाड निराळें केलें आहे.

या पिवळ्या चिकाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. कंबोडियाकडे याच प्रजातीच्या एका झाडाचा चीक वाळवून चित्रकारांचा गांबोज नांवाचा पिवळा रंग होतो. फ्रान्समध्यें झां पेरां या पंडितानें १९०८ सालीं त्या रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत सोडले, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांची अखंड चाललेली धडपड मोजली, आणि अणु-रेणु खरोखरच आहेत याविषयीं उरलेली शंका दूर केली. त्यास १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आमसुलाच्या भाऊबंदानें पदार्थविज्ञानाची एवढी सेवा केली आहे हें वर्गांत सांगितलें म्हणजे मुलें आधीं हंसत आणि मग कान देत.

आपल्या रातांब्यास गार्सिनिया इंडिका म्हणतात. त्याआधीं एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याला ब्रिंडोनिया असें नांव दिलें होतें. तें गोमंतकांतील ‘भिरंड’ या नांवाचेंच पोर्तुगीज तोंडांतून गेलेलें रूप. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथांत या आंबट, आंतून रक्तासारख्या तांबड्या फळाचा उल्लेख आहे. ओर्ताचें नांव गार्सिया आणि प्रजाति गार्सिनिया, यावरून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. तसा संबंध मुळींच नाहीं. संस्कृतांत यास वृक्षाम्ल म्हणतात, आणि चरकानें हृद्य म्हणून जीं दहा द्रव्यें सांगितलीं आहेत त्यांत वृक्षाम्ल आहे. अमरसिंह मात्र वृक्षाम्ल, तिन्तिडीक आणि चुक्र हे पर्याय म्हणून देतो, त्यामुळें चिंच कीं कोकम असा वाद माजतो. अमर तेथें स्वयंपाकांतल्या आंबटाविषयीं बोलत आहे, झाडाविषयीं नव्हे, असें आमचें मत आहे. कोणत्या घरांत आमटीस चिंच पडते आणि कोणत्या घरांत आमसूल, हा वाद त्याहून जुना असावा.

आतां मुख्य गोष्ट. जास्वंदीच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही नांदतात. आंब्याच्या एकाच मोहोरांत नर फुलें आणि उभयलिंगी फुलें शेजारीं शेजारीं असतात. रातांब्यांत बहुधा झाडेंच निराळीं: एक नर, एक मादी. पपईचा नर सर्वांस ओळखतां येतो, कारण त्याचीं फुलें लांब लोंबत्या दांड्यांवर येतात. रातांब्याचा नर पानांवरून, सालीवरून किंवा उंचीवरून ओळखूं येत नाहीं. दोघांचाहि शेंडा निमुळता, दोघांच्याहि फांद्या खालीं झुकलेल्या, दोघांचीहि कोंवळी पालवी तांबूस. बियांपासून केलेल्या रोपांत साधारणपणें निम्मीं नर निघतात, आणि फूल उमलल्यावांचून कोणतें कोणतें हें कळत नाहीं.

फूल लहान असतें, पण पाहणाऱ्यास स्पष्ट बोलतें. नर झाडाचीं फुलें पानांच्या बेचक्यांत व डहाळीच्या टोंकास झुबक्यानें येतात. चार निदलें, चार जाड पाकळ्या, आणि मध्यें पुंकेसरांचा आंखूड, दाट पुंजका. त्याखालीं फुगीर असें कांहीं नाहीं. मादीचें फूल एकटें किंवा थोडक्यांच्या संगतीनें येतें आणि त्याचा देंठ जाड असतो. पाकळ्या हलकेच दूर सारल्या कीं मधोमध हिरवा वाटोळा बीजकोश दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर खांचा पडलेली टोपी घट्ट बसविल्यासारखी असते. हीच टोपी पराग झेलते, आणि हाच बीजकोश पुढें वैशाखांत जांभळा-तांबडा रातांबा होतो. मादी फुलांत बीजकोशाभोंवतीं कांहीं खुरटलेले पुंकेसरहि असतात. त्यांवरून फसूं नये. क्वचित् एखाद्या झाडावर दोन्ही धर्म एकत्रहि आढळतात. म्हणून एकच फूल पाहून निकाल देऊं नये, निरनिराळ्या फांद्यांवरील दहा-वीस तरी पाहावीं. भिंग असेल तर उत्तम. नसेल तर आजोबांच्या वाचावयाच्या चष्म्यानेंहि काम भागतें. घरांतल्या मुलांस हें काम सांगावें, तीं तें मोठ्या माणसांहून नीट करतात.

नर झाडास फळ येत नाहीं, आणि येणारहि नाहीं. त्याचें काम परागाचें आहे. वाडींतले सर्व नर काढून टाकल्यावर माद्यांस पराग कोठून मिळावा? नवी बाग लावतांनाहि जाणकार मंडळी मादी कलमांमध्यें थोडीं नर कलमें मुद्दाम ठेवावयास सांगतात. असें असतां आपल्या बोलींत त्यास ‘वांझ’ म्हणतात. अमरानें फळ न धरणाऱ्या झाडास ‘अवकेशी’ असा एक शब्द दिला आहे. तो निदान कोणाच्या जिव्हारीं लागत नाहीं. गंमत अशी कीं झाड नर आणि शिवी मात्र बायकांची. शाळेंत असतांना विद्यार्थ्यांच्या घरीं जाण्याचे प्रसंग आम्हांस पुष्कळ आले. घरची सून पाण्याचा तांब्या घेऊन दारांत उभी असतां, तिच्यादेखत हाच शब्द तिला लाविलेला आम्हीं ऐकला आहे. मूल न होण्याचें कारण पुरुषाकडेहि असूं शकतें हें वैद्यकानें सांगून किती तरी काळ लोटला, तरी तपासणीस आधीं सूनच पाठविली जाते, आणि कित्येक घरीं तपासणीवांचूनच निकाल होतो. असो.

आमच्या आळींतील एका घरीं दोघां भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हां परसांतल्या नऊ तरण्या रातांब्यांची वांटणी झाली: थोरल्यास पांच, धाकट्यास चार. झाडें फुलण्याच्या आधींचीच ही गोष्ट. पुढें थोरल्याच्या पांचांपैकीं चार नर निघालीं, आणि धाकट्यानें जाणूनबुजून चांगलीं झाडें घेतलीं असा बोलबाला होऊन दोन वर्षें चुलीच काय, दिवाळीचा फराळहि वेगळा झाला. फुलण्यापूर्वीं झाडाचें लिंग कोणासहि डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं, मग धाकट्यास तरी तें कसें कळावें, हें आम्हीं दोघांस एकत्र बसवून सांगितलें. थोरल्यानें दोन नर तोडले होते, दोन राहिले. आतां त्यांच्या काकू दोन्ही वाट्यांतले रातांबे एकत्र फोडून आमसुलें घालतात आणि बरण्या मात्र मोजून सारख्या देतात.

याच प्रजातींतील मँगोस्टीनची तऱ्हा अगदीं न्यारी आहे. त्याचीं झाडें सगळीं मादीच. नर जवळजवळ पाहण्यांतच नाहीं. तरी फळ धरतें आणि बीहि धरते, कारण ती बी गर्भाधानावांचून मातेच्याच अंगापासून तयार होते. त्यामुळें बियांपासून केलेलें झाड आईच्या प्रतिमेसारखें निघतें. त्या फळाच्या बुडाशीं फुलासारखी एक खूण असते. तिच्या पाकळ्या मोजाव्या, आंत तितक्याच फोडी निघतात. रातांब्याची बी असा भरंवसा देत नाहीं. गोड-आंबट, जाड सालीचें, मोठें, लहान, नर, मादी, काय निघेल तें नशिबाचें.

हा सात वर्षांचा जुगार टाळण्याचा मार्ग दापोलीस १९७२ सालीं स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठानें दाखवून ठेविला आहे. रोपाच्या कोंवळ्या खोडावर पारखलेल्या मादी झाडाची काडी पाचरीनें बसवावयाची. यास मृदुकाष्ठ कलम म्हणतात. झाड मादी आहे हें पहिल्याच दिवशीं ठाऊक असतें आणि फळहि लौकर मिळतें. विद्यापीठानें निवडलेली ‘कोंकण अमृता’ ही जात १९९७ पासून प्रसारांत आहे, ‘कोंकण हातीस’ ही दुसरी. कलम घेतांना एक पाहावें. काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची असावी. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम उभें न वाढतां आडवेंच पसरत राहतें, झाडाचें झुडूप होतें. कलमांचा आमचा आग्रह असला तरी सगळी वाडी एकाच आईच्या कलमांनीं भरावी असें आम्हांस वाटत नाहीं. कडेस चार बियांचीं झाडें असूं द्यावीं. उद्यांची चांगली जात अशाच एखाद्या झाडांत दडलेली असते. ज्यांच्या परसांत नरच फार झाले असतील त्यांनीं एक-दोन राखावे, आणि उरलेल्यांच्या कोंवळ्या फुटव्यांवर जाणत्या माळ्याकडून मादीची काडी बांधवून पाहावी. तोडणें हें त्यानंतरचें.

फळाचे उपयोग या मासिकाच्या वाचक भगिनींस आम्हीं शिकवावे असें नाहीं. आमसूल, आगळ, सोलकढी, अमृतकोकम हीं घरोघर होतात. एवढेंच सांगतों कीं आगळ तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवूं नये, चिनी मातीची बरणीच बरी. मुलांस एक प्रयोग दाखवावा: पेलाभर पाण्यांत आगळाचे चार थेंब टाकून त्यांत खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकावी, तांबडा रंग पाहतां पाहतां पालटतो. हा रंगाचा धर्म आहे, आंबटपणा गेला कीं तो वेष बदलतो. बियांच्या तेलाचे गोळे कोंकणच्या उन्हाळ्यांतहि घट्ट राहतात आणि शरीराच्या उष्णतेहून थोड्या अधिक उष्णतेस वितळतात, म्हणून टांचांच्या भेगांस तें इतकें सोयीचें. मात्र बाजारांत गार्सिनियाच्या नांवानें वजन उतरविण्याच्या ज्या गोळ्या मिळतात त्या बहुधा केरळकडील कुडमपुळीच्या अर्काच्या असतात, आणि त्यांनीं कित्येकांच्या यकृतास अपाय झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. जेवणांतली सोलकढी निराळी आणि मूठभर अर्काच्या गोळ्या निराळ्या.

रातांबे फोडण्याचे दिवस आले कीं बिया तेलासाठीं उन्हांत पसरतात. लावण्यासाठीं हव्या असतील तर त्या आधींच, ओल्या असतांनाच बाजूस काढाव्या, गर धुवून सांवलींत ठेवून लगेच पेराव्या. रातांब्याची बी एकदां वाळली कीं उगवत नाहीं, आणि माळ्यास बोल लावण्यांत अर्थ राहत नाहीं. पुढील अंकीं सुरंगीविषयीं.