निवेदन : विमा नसलेल्या कर्करुग्णांच्या उपचारखर्चाचा नातेवाइकांवर पडणारा भार कमी करण्याबाबत

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, बीड

दिनांक : ४ फेब्रुवारी २०२५ (जागतिक कर्करोग दिन)

विषय : कर्करुग्णांच्या निदानापासून पाठपुराव्यापर्यंतचा योजनेबाहेर राहणारा खर्च शासनाने उचलण्याबाबत आणि रुग्णासाठी पैसे भरणाऱ्या नातेवाइकाला योजनेत स्थान देण्याबाबत.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्यातील कर्करुग्णांचे नातेवाईक आहोत. कुणी रुग्णाचा भाऊ आहे, कुणी भाचा, कुणी जावई, कुणी सून. आमच्या रुग्णांपैकी कुणाकडेही खासगी आरोग्य विमा नाही, आणि निदान झाल्यानंतर तो घेऊन उपयोगही नाही. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, हे स्वागतार्हच आहे. पण ज्याची केमोथेरपी पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची आहे, त्याला तीन वर्षांनी मिळणाऱ्या संरक्षणाचा काय आधार? अशा वेळी घरातला जो चार पैसे मिळवतो, तो पुढे होतो. तो दागिने गहाण टाकतो, हातउसने घेतो, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोडतो. हे तो आनंदाने करतो, कारण माणूस आपला असतो. मात्र त्याच्या या खर्चाची शासनाच्या कोणत्याही योजनेत नोंद होत नाही.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर पोहोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची रक्कम प्रति कुटुंब प्रतिवर्ष दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही योजनेत स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते. या योजनांमुळे आमच्यातल्या अनेकांचे रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकले. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.

तरीही नातेवाईक कर्जात का बुडतो? कारण योजना रुग्णालयाचे बिल भरते, तर कर्करोगाचा मोठा खर्च त्या बिलाच्या आधी, त्याच्या बाहेर आणि त्याच्यानंतर होतो. पूर्वमंजुरी मिळण्याआधीच्या तपासण्या, परगावी राहणे, येणे-जाणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, पॅकेजमध्ये न बसणारी औषधे, वर्षानुवर्षांच्या फेरतपासण्या हे सारे नातेवाइकाच्या खिशातून जाते. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोग झाला. प्रत्येक रुग्णामागे एक तरी माणूस हा खर्च अंगावर घेऊन उभा आहे. म्हणून आमची मूळ मागणी एकच आहे : योजनेने केवळ रुग्णालयाचे बिल न पाहता रुग्णाच्या संपूर्ण उपचाराचा खर्च पाहावा. तिचे तपशील असे :

अ. निदान होईपर्यंत

१. तपासण्यांचा खर्च परत मिळावा. तोंडातली जखम बरी होत नाही किंवा छातीत गाठ लागते, तेव्हापासून बायोप्सी, सीटी स्कॅन, एमआरआय, काही वेळा पेट स्कॅन अशी रांग लागते. हा सगळा खर्च रोखीने आणि बहुतेक खासगी केंद्रांत होतो. पुढे कर्करोग निश्चित होऊन रुग्ण योजनेत दाखल झाला, तरी आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. निदान सिद्ध झालेल्या रुग्णाच्या आधीच्या तपासण्यांची रक्कम योजनेच्या दराने, ज्याने ती भरली त्याच्या बँक खात्यावर परत द्यावी. तसेच संशयित रुग्णाची बायोप्सी जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मोफत व्हावी आणि तिचा अहवाल १५ दिवसांच्या आत मिळावा.

२. शिधापत्रिकेवर नाव नाही म्हणून उपचार थांबू नयेत. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गेलेल्या टोळ्या कारखान्यांचा पट्टा पडल्यावर परततात. आजार फडावर कळतो आणि कागदपत्रे गावी असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एकजण आजारी पडला की जोडी मोडते, खाडे लागतात, उचल फिटत नाही आणि मुकादमाचे देणे अंगावर राहते. त्यात तहसील कार्यालयाच्या खेपा कुणी मारायच्या? विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. सासरच्या शिधापत्रिकेवरून त्यांचे नाव कमी झालेले असते आणि माहेरच्या पत्रिकेवर चढलेले नसते. भाऊ बहिणीला सांभाळतो, पण कागदावर ती त्याच्या कुटुंबात नसते. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला, तो ज्या नातेवाइकाकडे राहतो त्याच्या लेखी हमीवर, तहसीलदारांनी सात दिवसांत पात्रतेचा दाखला द्यावा. दाखला येईपर्यंत उपचार तात्पुरत्या मंजुरीवर सुरू ठेवावेत.

ब. उपचार चालू असताना

३. संपूर्ण उपचारासाठी एकच मंजुरी द्यावी. कर्करोगाचा उपचार आधी आखून केला जातो. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने किती सायकल द्यायच्या, शस्त्रक्रिया आधी की नंतर, किरणोपचार किती दिवस, हे डॉक्टर सुरुवातीलाच ठरवतात. तरी टप्प्याटप्प्यावर नव्याने कागदपत्रे, छायाचित्रे आणि मंजुरी लागते. मंजुरीला उशीर झाला की आम्ही घाबरून स्वतःचे पैसे भरतो, कारण उपचारातला खंड रुग्णाला परवडत नाही. डॉक्टरांनी आखलेल्या संपूर्ण उपचाराला एकदाच मंजुरी मिळावी. विलंबाच्या काळात नातेवाइकाने भरलेली रक्कम त्याला परत करण्याची तरतूदही असावी.

४. औषधांच्या किमती आमच्या आवाक्यात आणाव्यात. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. केंद्राने २०२४ मध्ये कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ केले आणि नुकत्याच मांडलेल्या अर्थसंकल्पात आणखी ३६ जीवरक्षक औषधे सीमाशुल्कमुक्त केली. केरळ सरकारने ऑगस्ट २०२४ पासून कारुण्य औषध दुकानांतून कर्करोगाची औषधे शून्य नफ्यावर देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असे शून्य नफ्याचे दुकान सुरू करावे. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालये एकत्रित खरेदी करून औषधे कितीतरी स्वस्तात मिळवतात. राज्याची खरेदीही त्या पद्धतीने व्हावी.

येथे एका औषधाचा विशेष उल्लेख करतो. आपल्या राज्यात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग घरोघरी परिचयाचा झाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोके व मानेचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या रुग्णांना त्यांनी निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. परळमध्ये सिद्ध झालेला हा उपचार परळी, केज आणि आष्टीच्या रुग्णालाही मिळाला पाहिजे. अल्प मात्रेतील हा उपचार योजनेत स्वतंत्र पॅकेज म्हणून उपलब्ध करावा.

५. सोबतच्या माणसाचा प्रवास, निवास आणि मजुरी यांचा विचार व्हावा. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे एक वेळचे भाडे धरले आहे, तेही फक्त रुग्णाचे. प्रत्यक्षात तोंडाच्या कर्करोगाचे किरणोपचार साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. बीडहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ असले, तरी तेथेही किरणोपचार घेणारा रुग्ण रोज घरून जाऊन येऊ शकत नाही. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी हजारो कुटुंबांना छप्पर दिले आहे. पण तेथे सर्वांना जागा मिळत नाही. नाइलाजाने पदपथावर मुक्काम करणारे रुग्ण परळच्या रस्त्यांवर शासनाच्या नजरेसमोरच आहेत. म्हणून पुढील तरतुदी कराव्यात : (क) उपचार संपेपर्यंत रुग्ण आणि एक सोबती यांचा प्रत्येक फेरीचा प्रवासखर्च, (ख) मुंबई, बार्शी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील कर्करोग रुग्णालयांजवळ शासकीय निवास, (ग) सोबत्याला किमान वेतनाच्या दराने दैनिक भत्ता.

६. धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा खऱ्या गरजूंना मिळाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क क आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. सध्याची वार्षिक उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. कायदा चांगला आहे, पण खेड्यातून गेलेल्या माणसाला तो कुणी सांगत नाही. खाट शिल्लक नाही, असे ऐकवले की तो तसाच माघारी फिरतो. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने राखीव खाटांची आणि निर्धन निधीतील शिल्लक रकमेची रोजची स्थिती दर्शनी भागात मराठीत लावावी. खाट नाकारल्यास तशी लेखी नोंद रुग्णाच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक करावे.

क. उपचारानंतर

७. पाठपुरावा आणि पोषण यांना आधार द्यावा. रुग्णालयातून सोडल्यानंतर थोड्या दिवसांच्या औषधांपलीकडे पॅकेज सहसा जात नाही. मात्र स्तनाच्या कर्करोगात काही रुग्णांना पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात आणि बहुतेक कर्करोगांत किमान पाच वर्षे फेरतपासण्या कराव्या लागतात. पाच वर्षांचा पाठपुरावा योजनेत घ्यावा. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. उपचार चालू असलेल्या कर्करुग्णालाही तितके तरी मिळावेत.

८. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवावी. या योजनेत कर्करोगाचा समावेश आहे आणि अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला साठ रुपयांहूनही कमी आहे. एवढ्या उत्पन्नात कोणते कुटुंब जगते? प्रामाणिकपणे उत्पन्न सांगणारा या अटीने बाहेर पडतो. कर्करुग्णांसाठी ही मर्यादा धर्मादाय रुग्णालयांच्या निर्धन गटाइतकी, १ लाख ८० हजार रुपये करावी.

९. वेदनाशमन घरापर्यंत पोहोचावे. ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांनी वेदनेत तळमळत राहू नये. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या औषधांचा परवाना सोपा झाला. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि घरी येणारे परिचारिका पथक उपलब्ध करावे.

ड. केंद्र शासनाकडे करावयाच्या शिफारशी

१०. आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीबीनुसार कर्करोगाच्या उपचारखर्चावर मिळणारी वजावट साठ वर्षांखालील रुग्णासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आहे. ती पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील आणि भावंडे यांच्यापुरतीच आहे. मावशीचा खर्च करणारा भाचा आणि सासूचा खर्च करणारा जावई त्यात बसत नाहीत. ही मर्यादा वाढवावी आणि प्रत्यक्ष खर्च करणाऱ्या कोणत्याही नातेवाइकाला ती लागू करावी, अशी शिफारस राज्याने करावी.

११. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५-२६ या वर्षात जिल्हा रुग्णालयांत २०० डे-केअर कर्करोग केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली आहे. त्यांपैकी एक बीडला मिळावे. केमोथेरपी आपल्याच जिल्ह्यात झाली, तर प्रवासाचा आणि मुक्कामाचा निम्मा प्रश्न तेथेच सुटेल.

महोदय, या सर्व मागण्यांसाठी एकाच वेळी निधी उपलब्ध होणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून क्रमही सुचवतो. मागणी क्रमांक २, ३ आणि ६ यांना नवा पैसा जवळपास लागत नाही. त्यांसाठी परिपत्रके आणि त्यांची अंमलबजावणी पुरेशी आहे. ती एका महिन्यात व्हावी. क्रमांक १, ५, ७ आणि ८ यांसाठीची तरतूद येत्या राज्य अर्थसंकल्पात करावी. उर्वरित मागण्यांसाठी कर्करोगतज्ज्ञ, राज्य आरोग्य हमी सोसायटी, धर्मादाय आयुक्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांची समिती नेमून तिला तीन महिन्यांची मुदत द्यावी.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. आम्ही आमचे कर्तव्य करत आहोत आणि पुढेही करू. आजारी माणसाला सोडून देणे आमच्या घरांत कुणाला जमणार नाही. पण एका माणसाला वाचवताना दुसरे घर देशोधडीला लागू नये, इतकी व्यवस्था करणे शासनाच्या हाती आहे.

या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर ३० दिवसांच्या आत मिळावे आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
बीड जिल्ह्यातील कर्करुग्णांचे नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
२. मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
३. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, बीड