जामीनदारांच्या छावण्या

सायप्रसच्या निकोशिया शहराच्या मधोमध तारेचे कुंपण आहे, वाळूची पोती आहेत, पिंपांवर पिंपे रचून उभ्या केलेल्या भिंती आहेत. त्या भिंतींच्या खालून मात्र एकच गटार वाहते. 1974च्या युद्धाला चार वर्षे होतात न होतात तोच शहराच्या ग्रीक भागाचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की भागाचे मुस्तफा अकिंजी एकत्र बसले आणि लढाईमुळे अर्धवट पडलेली सांडपाण्याची योजना त्यांनी मिळून पुरी करायला घेतली. दोन्हीकडच्या सत्तांना एकमेकांचे अस्तित्वच मान्य नव्हते. पण साथीचे रोग सरहद्द पाळत नाहीत, हे दोघांनाही कळत होते. शहराच्या दक्षिण भागातला बराचसा मैला आजही उत्तरेतल्या शुद्धीकरण केंद्रात जातो.

सायप्रसची माणसे एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आधी या गटाराचा विचार करावा. तुटलेले आहे ते जमिनीच्या वर, आणि ते जोडू न देणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या बेटावर तळ ठोकून बसलेल्या परक्या फौजा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडे मोठे असे हे बेट. त्याच्या उत्तर भागात तुर्कस्तानचे तीस ते चाळीस हजार सैनिक असल्याचा अंदाज वर्षानुवर्षे दिला जातो. दक्षिणेत ग्रीसची तुकडी आहे. आक्रोतिरी आणि ढेकेलिया इथल्या सुमारे 254 चौरस किलोमीटर जागेवर ब्रिटनचे सार्वभौम लष्करी तळ आहेत. ती जमीन कायद्याने सायप्रसची नाहीच. या सगळ्यांच्या मध्ये 180 किलोमीटर लांबीचा पट्टा आहे आणि 1964पासून बेटावर असलेली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे पहारा देते आहे. इतक्या चिमुकल्या देशात इतक्या देशांचे बूट!

हे सगळे आले ते हमीच्या नावाखाली. ऑगस्ट 1960 मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तिघे त्या स्वातंत्र्याचे जामीनदार झाले. घटना मोडली तर तिघांनी आपसांत सल्लामसलत करावी, एकमत झाले नाही तर ती पूर्ववत करण्यापुरती कारवाई एकट्यानेही करावी, असे हमी करारात लिहिले गेले. शिवाय वेगळ्या करारान्वये ग्रीसचे 950 आणि तुर्कस्तानचे 650 सैनिक बेटावर राहणार होते. पण जामीनदारांपैकी दोघांच्या मनात वेगळेच होते. ग्रीक सायप्रियटांच्या मोठ्या वर्गाला ग्रीसमध्ये विलीन व्हायचे होते, त्या स्वप्नाला ते ‘एनोसिस’ म्हणत. तुर्की बाजूचा शब्द होता ‘तक्सीम’, म्हणजे वाटणी. आपल्या जुन्या दप्तरांतली ‘तक्षीम’ ती हीच, एकाच अरबी मुळातून आलेली. तिकडे मात्र या शब्दाने शेतांबरोबर घरेही वाटली आणि माणसेही.

जुलै 1974 मध्ये कुंपणानेच शेत खाल्ले. 15 तारखेला अथेन्सच्या लष्करशहांनी बंड घडवून राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांना हुसकावले. 20 तारखेला तुर्कस्तानचे सैन्य किनाऱ्यावर उतरले. तिसरा जामीनदार ब्रिटन. त्याचे सैनिक बेटावरच होते, पण तो हलला नाही. तुर्कस्तानच्या पहिल्या पावलाला कराराचा आधार सांगता येतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्यही करायला हवा, कारण बंड खरे होते आणि तुर्की सायप्रियटांची भीतीही खरी होती. पण बंडखोरांची सत्ता आठवड्याभरात कोसळली, अथेन्सची लष्करशाहीही गडगडली. जिनिव्हातल्या वाटाघाटी मोडताच 14 ऑगस्टला तुर्की सैन्याने पुन्हा आगेकूच केली आणि बेटाचा 36 टक्क्यांहून अधिक भाग ताब्यात घेतला. ही कारवाई घटना पूर्ववत करण्यासाठी नव्हती. तिला हमी म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट घरे सोडून दक्षिणेला गेले, चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रियटांना उत्तर गाठावी लागली. 1983 मध्ये उत्तरेने स्वतःला स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. सुरक्षा परिषदेने ती घोषणा बेकायदा ठरवली आणि आजही तुर्कस्तानखेरीज कोणी ती मानत नाही.

तरीही 1974पासून गोष्ट सुरू करणे हा अर्धसत्याचा मार्ग आहे, आणि दक्षिणेतले राजकारण बराच काळ त्याच मार्गाने चालले. डिसेंबर 1963 मध्ये सत्तावाटपाची घटना मोडली, हिंसा उसळली आणि एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने निकोशियाच्या नकाशावर रेघ ओढली. ती ‘ग्रीन लाइन’ तेव्हाची आहे, तुर्की आक्रमणाच्या दहा वर्षे आधीची. लोकसंख्येत 18 टक्के असलेल्या तुर्की सायप्रियटांपैकी बरेच जण पुढची कित्येक वर्षे बेटाच्या जेमतेम तीन टक्के भूमीवरच्या कोंडवाड्यांत राहिले. आणि 14 ऑगस्ट 1974 रोजी, तुर्की फौजा पुढे सरकत असताना, फामागुस्ताजवळच्या तीन खेड्यांतल्या तुर्की सायप्रियटांना ग्रीक सायप्रियट बंदूकधाऱ्यांनी ठार मारून पुरले. मेलेल्यांत बहुसंख्य बाया, मुले आणि म्हातारी माणसे होती. त्यातल्या एका खेड्याचे नाव मराथा. आपल्या मराठ्याशी त्याचा काही संबंध नाही, तरी ते नाव वाचताना मराठी वाचकाचे बोट त्या ओळीवर थांबतेच. उत्तरेतली एखादी आजी तुर्की सैनिक जाऊ नयेत असे म्हणते तेव्हा ती अंकाराचे धोरण बोलत नसते, तिला हे खड्डे आठवत असतात.

म्हणजे एकाच्या सुरक्षेचे साधन तेच दुसऱ्याच्या धास्तीचे कारण. दक्षिणेची मागणी आहे की करार होताच सैन्यही शून्य आणि हमीही शून्य. उत्तर म्हणते, आधी करार चालून दाखवा, मग पाहू. जुलै 2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रान्स-मोंताना इथली बोलणी या खडकावर आदळली. टेबलाच्या एका बाजूला होते दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष निकोस अनास्तासियादिस आणि दुसऱ्या बाजूला उत्तरेचे तेव्हाचे नेते, तेच मुस्तफा अकिंजी, गटार जोडणारे महापौर. जमिनीचे, सत्तेचे, मालमत्तेचे प्रश्न कधी नव्हे इतके जवळ आले होते. सैन्य आणि हमीचा प्रश्न उरला आणि सगळे विस्कटले.

या कोंडीवर उपाय कुणी सुचवलाच नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या आराखड्यात सैन्यकपातीचे वेळापत्रक होते: 2011पर्यंत दोन्ही बाजूंचे कमाल सहा-सहा हजार, 2018पर्यंत तीन-तीन हजार, त्यानंतर 1960 प्रमाणे 950 आणि 650, आणि पूर्ण माघारीचा फेरविचार ठरावीक काळाने. 24 एप्रिल 2004 च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांनी 65 टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांनी 76 टक्क्यांनी नकार. त्या आराखड्यात उणिवा होत्या, विस्थापितांच्या घरांबाबत त्याने दक्षिणेला पुरेसे दिले नव्हते, हे खरे. पण आठवड्याभराने, 1 मे रोजी, नकार देणाऱ्यांना युरोपीय संघाचे सदस्यत्व मिळाले आणि होकार देणारे बाहेर राहिले. युरोपने स्वतःच्या हातातले सर्वांत मोठे वजन तोलण्याआधीच खाली ठेवले होते. आमच्या मते त्या वर्षीची ही चूक नंतरच्या कुठल्याही चुकीपेक्षा मोठी आहे. तो आराखडा अमलात आला असता तर आज उत्तरेत कराराने 650 तुर्की सैनिक उरले असते.

ऑक्टोबर 2025 मध्ये उत्तरेच्या मतदारांनी पुन्हा एकदा दार किलकिले केले. दोन राष्ट्रांचा आग्रह धरणारे एर्सिन तातार हरले आणि संघराज्याच्या तोडग्याचे समर्थक तुफान एरहुर्मान सुमारे 63 टक्के मते घेऊन निवडून आले. मात्र सैन्याची सूत्रे त्यांच्या हातात नाहीत, ती अंकारात आहेत. तुर्कस्तानने हा कौल ऐकायला हवा. ज्यांच्या रक्षणासाठी हे सैन्य आहे असे सांगितले जाते, तेच लोक दुसऱ्यांदा तोडगा मागत आहेत. दक्षिणेचे अध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदीस यांनीही पहिल्याच दिवशी शून्य सैनिकांचा हट्ट सोडावा, माघारीची वर्षे करारात लिहून घ्यावीत आणि त्या बदल्यात तुर्की सायप्रियटांचे समान राजकीय स्थान मनापासून मान्य करावे. शेजारी देशाला एकतर्फी शिरण्याचा अधिकार देणारा 1960चा करार मात्र रद्दच व्हायला हवा. सायप्रियटांना हमी लागेल, आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीतून आणि युरोपच्या न्यायालयांतून मिळू शकते. सुरुवात वरोशापासून करावी. फामागुस्ताच्या या बंद पडलेल्या किनारी भागात मूळ रहिवाशांखेरीज कोणी वसू नये आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे द्यावा, असे सुरक्षा परिषदेने 1984 मध्येच सांगितले होते. 2020 मध्ये तो अंशतः उघडला, पण पर्यटकांसाठी.

जून 2025 मध्ये पंतप्रधान मोदी सायप्रसला गेले आणि भारताने संघराज्याच्या तोडग्याला असलेला पाठिंबा पुन्हा सांगितला, ही योग्य गोष्ट झाली. पण तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने बोलतो म्हणून आपण सायप्रसच्या बाजूने, एवढाच हिशेब असेल तर तो आपल्याला शोभणारा नाही. या बेटावर भारताचे नाव आहे ते वेगळ्या कारणाने. शांतिसेनेचे पहिले प्रमुख जनरल ग्यानी भारतीय होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या डिसेंबर 1965 मध्ये तिथेच, सेवेत असताना वारले आणि सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. 1974च्या जुलैत निकोशियाचा विमानतळ दोन्ही सैन्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून शांतिसेनेने तो आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा तिचे नेतृत्व जनरल प्रेमचंद यांच्याकडे होते. कुणाची बाजू न घेता मध्ये उभे राहणे, ही आपली तिथली कमाई आहे.

त्या विमानतळावरून नंतर प्रवासी विमाने उडालीच नाहीत. धावपट्टीजवळ एक जुने विमान गंजत उभे आहे. त्याच संरक्षित आवारात एक प्रयोगशाळा आहे. 1963 ते 1974 या काळात बेपत्ता झालेल्या 2002 जणांची यादी दोन्ही समाजांच्या संयुक्त समितीने केली: 1510 ग्रीक सायप्रियट, 492 तुर्की सायप्रियट. विहिरींतून, शेतांतून, ओढ्याकाठून निघालेली हाडे तिथे लांब टेबलांवर मांडली जातात आणि दोन्ही समाजांचे तरुण शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे राहून ती जुळवतात. हजाराहून अधिक माणसे त्यांनी आतापर्यंत त्यांच्या घरच्यांच्या हवाली केली आहेत. उरलेल्यांचा शोध चालू आहे, पण खड्डे कुठे आहेत हे माहीत असलेली माणसे आता एकेक करून जात आहेत.