हॉलमधल्या दोन पायऱ्यांनाही रेलिंग लावा

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा भागांत खानदेशातल्या कितीतरी कुटुंबांनी हप्ते फेडून घरं घेतली. रो-हाऊस असेल तर जिना बहुधा हॉलमधूनच वर जातो. दिवाळीला नंदुरबार, धुळ्याकडून आई-वडील राहायला येतात. उत्तरायणाला, 14 जानेवारीला, पतंग घेऊन पोरं दिवसभर गच्चीपर्यंत खाली-वर धावतात. रेलिंग बदलायचं मनात असेल तर फोटोतलं डिझाइन नंतर बघा. घरात सगळ्यांत म्हातारं आणि सगळ्यांत लहान माणूस कोण, ते आधी बघा.

माझी पहिली विनंती जिन्यासाठी नाहीच. हॉलमधून जेवणघरात उतरायच्या ज्या एक-दोन पायऱ्या असतात, त्यांच्यासाठी आहे. ‘दोनच तर पायऱ्या’ म्हणून आपण तिथे काही लावत नाही. जिना दिसला की माणूस जपून पाय टाकतो. या पायऱ्या मात्र ध्यानातच येत नाहीत. त्यात वर-खाली एकाच रंगाची चकचकीत टाइल असेल, तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना कड दिसत नाही. कडेवर वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी बसवा आणि बाजूच्या भिंतीला धरायला पाइप लावा. खर्च थोडका आहे. हे काम याच महिन्यात करा.

धरायचा पाइप मुठीत मावला पाहिजे. दिव्यांगांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत त्याची जाडी 38 ते 45 मिलिमीटर सांगितली आहे, आणि पहिल्या व शेवटच्या पायरीपुढे तो 300 मिलिमीटर जास्त हवा असं म्हटलं आहे. शेवटच्या पायरीवरच आधार संपला तर म्हातारा माणूस नेमका तिथेच अडखळतो. रुंद चौकोनी लाकूड दिसायला भारी, पण तोल गेल्यावर त्याला बोटांचा विळखा बसत नाही. कठड्याची उंची राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पायरीच्या मध्यापासून 1 मीटर ठेवा. आडव्या पाइपांना माझा सरळ विरोध आहे. लहान मूल त्यावर शिडीसारखं चढतं. सळ्या उभ्याच घ्या, आणि दोन सळ्यांमधली फट 4 इंचांहून कमी ठेवा.

स्टीलचं नीट बोलून घ्या. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे माल चांगला, असं दुकानदार पटवतो. स्वस्त 202 ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून 202 आणि चांगल्या 304 ग्रेडमधला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. डुमस, हजिऱ्याच्या खाऱ्या हवेत रेलिंग बाहेर असेल तर 316 परवडत असल्यास तेच घ्या. काच हवीच असेल तर टफन्ड आणि लॅमिनेटेड अशी दोन्ही हवी. नुसती टफन्ड काच फुटली की दाणे होऊन खाली पडते आणि जिन्याची कड उघडी राहते.

सुरतेतल्या मिठी खाडीच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात येऊन गेलंय, त्यांनी जुन्या लोखंडी रेलिंगचा पाया आवर्जून तपासावा. पोकळ पाइपात गाळपाणी साचलं तर तो आतून गंजतो; वरचा रंग शाबूत दिसतो. प्रत्येक खांब तळाशी धरून जोरात हलवा. हलला तर नुसता रंग मारून भागवू नका. नवे बोल्ट टाइलमध्ये नव्हे, खालच्या काँक्रीटमध्ये खोल जायला हवेत, आणि पायरीच्या अगदी कडेला भोक पाडू देऊ नका; तिथलं काँक्रीट फुटतं.

आणि एक. नवं रेलिंग तयार होऊन दारात येईपर्यंत जुनं कापू देऊ नका. कारागीर कापून जातो, दुसरं काम निघतं, आणि जिना आठवडाभर उघडा पडतो. काढणं आणि बसवणं एकाच दिवशी होईल, हे ॲडव्हान्स देतानाच ठरवून घ्या.