मावळे आणि मेंढपाळ

दिवाळीच्या अंकात हे नाताळाचे काय काढले, असे वाचक म्हणतील. पण आम्हां वसईकर ख्रिस्ती मंडळींचा नाताळ दिवाळीच्या उरल्यासुरल्या सामानातून किती झकास उभा राहतो, हे मला २०२० साली कळले. त्याआधी मीही सारे विकतच आणत असे.

त्या वर्षी मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. टाळेबंदीत तास थांबले आणि मानधनही थांबले. सौ.च्या शिकवण्यांवर घर चालले होते. डिसेंबर लागल्यावर तिने नेवऱ्यांच्या सामानाचा हिशेब मांडला, आणि सजावटीसाठी तीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. "यात बसेल ते बसवा," म्हणाली.

पापडीच्या बाजारात विजेचा प्लास्टिकचा तारा साडेसहाशेला होता. मी नुसता भाव विचारून परतलो आणि धाकटीला सांगितले, "करोनामुळे ताऱ्यांची दुकाने बंद आहेत." पोर नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी आईबरोबर भाजीला गेली आणि ताऱ्यांनी भरलेले दुकान पाहून आली. मला काही म्हणाली नाही. दोन दिवस त्या न बोलण्याने माझ्या घशाखाली घास उतरेना.

तळमजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांचा आकाशकंदील दरवर्षी घरचाच असतो. त्यांच्याकडे उरलेल्या कामट्या मागायला गेलो, तर ते स्वतःच कोयता घेऊन वर आले. "काय हो सर, पाच टोकांचा हवा ना? मग पंधरा काड्या लागतील." मी मराठीचा माणूस, काड्यांचा हिशेब मला कुठला? त्यांनी दाखवला. दोन-दोन फुटांच्या सारख्या पाच कामट्या एकीखालून एक घालत बांधल्या की एक चांदणी होते. तशा दोन करायच्या आणि पाचही टोके एकमेकींना बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवायच्या, म्हणजे तारा पोट फुगवून बसतो. आमचा पहिला तारा एका बाजूला कलला, कारण एक कामटी दोन बोटे आखूड होती. सारे सोडून पुन्हा बांधले.

दोरा ओढता ओढता मी धाकटीला म्हणालो, "बाळ, दुकान उघडे होते गं. पैसे नव्हते."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, "तुम्ही टोक घट्ट धरा ना, पप्पा."

आजोबा खाली मान घालून कामटी तासत राहिले.

वर पतंगाचा कागद लावला, तो मैद्याच्या खळीने. (खळीला कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे. खळीचे भांडे स्वयंपाकात घेऊ नका आणि मुलांना त्यात हात घालू देऊ नका.) आत लहानसा एलईडी दिवा. पूर्वीच्या चाळीसच्या दिव्याने कागद करपायचा, ती भीती आता उरली नाही. कागद, दोरा आणि दिवा मिळून एकशे साठ रुपये झाले.

मग गव्हाण. आजोबांच्या नातवाचा दिवाळीचा किल्ला अंगणात तसाच पडून होता. त्याची माती आम्ही बादलीने वर आणली. पार्सलांचे तपकिरी कागद चुरगाळून, त्यांवर कोळशाचे पाणी शिंपडून गुहा केली. गासहून थोरल्या भावाने पेंढ्याची पेंडी पाठवली. शेतासाठी नाचणी रात्रभर भिजवून १५ तारखेला करवंट्यांत पेरली. आजी म्हणाल्या, "देवघराजवळ अंधारात ठेवू नका, आमच्या घटासारखी पिवळी पडेल." खिडकीत ठेवली आणि दहा दिवसांत चार बोटे हिरवीगार झाली.

बाळ येशू, मरिया आणि योसेफ आईच्या वेळचे होते. मेंढ्या कापसाच्या केल्या. पण मेंढपाळ? त्यांच्या जागी किल्ल्यावरचे चार मावळे उतरले! ढालतलवारींसकट. सौ.ला ते पटेना. मी तिला म्हटले, असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा पहिला देखावा केला. त्यात मूर्तीच नव्हत्या. होती ती खरी गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. जे हाताशी होते तेच त्याने मांडले. सौ. म्हणाली, "त्याच्या बैलाकडे तलवार नव्हती." शेवटी धाकटीने तलवारींवर कापूस गुंडाळून त्यांच्या काठ्या केल्या.

त्या साली २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री अकराला संचारबंदी लागत होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच झाली. घरी आलो तेव्हा आमच्या गॅलरीतला तारा पेटलेला होता. आजोबांकडे किल्ली होती. धाकटी खालूनच मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "विकतचा नाही गं, बांधलेला आहे!"

जानेवारीत मावळे डब्यात भरून परत केले. पुढल्या दिवाळीत आजोबांच्या नातवाचा किल्ला पाहायला खाली गेलो. बुरुजावर तोफ, दरवाजात पहारेकरी, आणि माचीवर हळिवाच्या रानात आमची एक कापसाची मेंढी चरत होती. धाकटीने ती मुद्दामच डब्यात घातली होती, असे आता कळते. यंदाही ती तिथेच आहे. थोडी मळली आहे.